मी, आमची सूनबाई आणि पायऱ्यांचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे, वेल्डिंगचा. रस्त्यावर खांबाला बसवलेला असतो तो माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे बघायचे तर मान वर करावी लागते, माझ्याकडे बघायचे तर वाकावे लागते. मी गुडघ्याएवढा उंच आहे, खाली चार चाके, डोक्यावर करंट कमी-जास्त करायची मूठ. वजन असे की मला हलवायला दोन माणसे लागतात आणि दोघेही शिव्या देतात. नव्या लोकांना मी भंगार वाटतो. वाटू दे बापडे!

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातली तांब्याची वेटोळी एका बाईने गुंडाळली. ती अखंड बडबड करायची, आज सासूबद्दल तर उद्या जावेबद्दल, पण वेटोळ्यात तिचा हात कधी चुकला नाही. मला वार्निशमध्ये बुडवून, भट्टीत वाळवून बाहेर काढले तेव्हा तिने पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा बाबा, सुखाने नांद."

तिचे बोलणे फळले. मी नांदलो तो मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात.

माझे काम सांगायला सोपे आहे. भिंतीतली वीज दाबाने जास्त आणि प्रवाहाने कमी असते. मी तिचा दाब उतरवतो आणि प्रवाह वाढवतो. माझी एक तार जोडायच्या लोखंडाला चिमट्याने लावायची, दुसरी जाते हातातल्या होल्डरला. होल्डरमध्ये रॉड धरायचा, लोखंडाला किंचित टेकवून उचलायचा, की मधल्या फटीत असा लखलखाट होतो की उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नाही. रॉड वितळतो, लोखंडही वितळते, दोघांचा रस एक होतो. रॉडच्या अंगावरचा मसाला वर कवच धरतो, ते निवल्यावर टोकदार हातोडीने झाडायचे. झाले वेल्डिंग! सांगायला सोपे म्हणालो ना मी, करायला नव्हे.

मिस्त्रींनी माझ्याकडून दारे, जाळ्या, खाटा, शाळेतले बाक, एवढेच काय, एका आजीबाईंच्या पोपटाचा पिंजराही करून घेतला. लोक म्हणायचे, "मिस्त्रींच्या हातचं आहे, लोखंड तुटेल पण जोड सुटायचा नाही." संध्याकाळी दुकान बंद करताना ते मला फडक्याने पुसायचे. मी मनातून फुगायचो. खोटे कशाला बोलू?

मग एका सकाळी मिस्त्रींची डावी बाजू लुळी पडली. जीव वाचला, जीभ तर आधीपेक्षा जास्त चालू लागली, पण डावा पाय ओढत चालावे लागे आणि उजवा हातही थरथरू लागला. डॉक्टरांनी बजावले, "रोज चाललं पाहिजे. पाय असाच पडून राहिला तर कायमचा गेला समजा." आता चालायचे कुठे? त्यांची खोली इतकी लहान की भिंत लगेच आडवी येई. खोलीचे दार उघडते ते दुकानात, आणि मध्ये उंच, उघड्या पायऱ्या. धरायला काही नाही. एकदा मुलाने आणि शेजाऱ्याने त्यांना उचलून खाली आणले. मिस्त्री लालबुंद झाले. "मी काय सिमेंटची गोणी आहे?" म्हणाले. त्यानंतर त्यांनी खाट सोडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. माझ्यावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर रंगाचे रिकामे डबे आले. आम्ही दोघेही एकाच वेळी अडगळीत गेलो म्हणा ना.

मिस्त्रींची सून शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचे शिवणयंत्र चालायचे आणि मागे सासरे कण्हायचे. एके दिवशी ती दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांच्या खाटेशेजारची खिडकी दुकानात उघडते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"बाबा, पायऱ्यांना कठडा करून घेऊ या. धरून तुमचे तुम्ही उतराल."

"माझ्या दुकानाच्या पायरीला दुसऱ्याच्या हातचा कठडा? लोक तोंडात शेण घालतील."

"मग मी करते."

"तू?"

"का? जोडायचंच तर आहे. जन्मभर दुसरं काय करतेय मी?"

तिचा नवरा ट्रक चालवतो. ठिणगी उडाली की तो दोन घरे लांब जातो, तेव्हा त्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूनबाई झुळझुळीत नायलॉनच्या कपड्यात दुकानात उतरली. खाटेवरूनच खिडकीतून गर्जना झाली, "आधी कपडे बदल! ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटेल!" ती निमूट परत गेली आणि जाड सुती कापडाचा लांब बाह्यांचा अंगरखा शिवून आली. खिसा नाही, दुमड नाही, ठिणगीला बसायला जागाच नाही. चामड्याचे हातमोजे, बंद बूट, तोंडावर काळ्या काचेचा मास्क. मिस्त्रींनी वरपासून खालपर्यंत बघितले आणि त्यांना खोड काढता आली नाही. हा त्या घरातला चमत्कारच होता.

तिने माझ्यावरची ताडपत्री काढली, प्लग लावला. मी आनंदाने गुणगुणू लागलो. पण झाले काय, तिने रॉड टेकवला तो सुईसारखा, आत रुतवायला. रॉड चिकटला. "मान मुरड त्याची, मान मुरड!" मिस्त्री ओरडले. तिने तो पिळून सोडवला. मग भीत भीत पातळ पाइपला लावला, तर भोक पडले. घरातले दिवे मंद झाले, पंखा रेंगाळला, आणि शेजारच्या काकू काय झाले म्हणून बघायला आल्या.

"राहू दे त्याला," मिस्त्री म्हणाले. "तो पातळ पाइपचा गडी नाही, आणि शिकाऊ हाताला सोसायचाही नाही. छोटं नवं मशीन आण. दुकानदार सगळ्यात मोठं दाखवेल, भुलू नकोस. तुला काय जोडायचंय ते आधी सांग. घरच्या विजेवर चालेल असं, रॉड चिकटला तर आपोआप सोडेल असं माग. आणि पैशाला हात सैल सोडायचा तर चांगल्या मास्कवर सोड. मशीन दुसरं मिळतं, डोळे मिळत नाहीत."

माझ्यावर पुन्हा ताडपत्री आली, डबेही आले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे घाम गाळला आणि म्हणे राहू दे त्याला! पण मिस्त्रींचे बरोबर होते. सूनबाईने आणलेले नवे मशीन म्हणजे पोरच, नारिंगी रंगाचे, खांद्याला अडकवून न्यावे इतके हलके. रॉड मात्र ती बारा नंबरचे घेऊन आली, जाड असतील म्हणून. शिवणयंत्राच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते ना! रॉडचे उलटे असते, नंबर वाढला की रॉड बारीक. नशीब बघा, पातळ पाइपला बारीकच हवा होता. मिस्त्री पहिल्यांदा हसले.

नव्या मशीनवर तिचा हात झटकन बसला. करंट अगदी कमी ठेवून तिने दोन तुकडे असे जोडले की कुणीही बघत राहावे. एकसारखे, रेखीव, जणू बटणांची काजे केली आहेत. मोठ्या तोऱ्यात ती खिडकीशी गेली.

मिस्त्रींनी तुकडा हातात फिरवला. "देखणा आहे. आता शिकंज्यात आवळून धर आणि हातोडा घाल."

तिने घाव घातला. पहिल्याच घावात जोड पापुद्र्यासारखा सुटला. खालचे लोखंड जसेच्या तसे होते, वितळलेच नव्हते.

सूनबाई तिथेच फरशीवर बसली. "हे तुम्ही धरणार होतात, बाबा," ती म्हणाली आणि रडू लागली. "तुमचा सगळा भार यावर येणार होता. मला नाही जमायचं. तुमचं डोकं फुटेल."

आणि मग जे घडले ते मी ताडपत्रीच्या फटीतून पाहिले. भिंतीकडे तोंड करून पडणारा तो माणूस खिडकीचा गज धरून उठून बसला.

"रडतेस काय? कापड जळेल ही धास्ती आहे तुझ्या हातात. इथे थोडं जळायलाच हवं. दोन्ही लोखंडं वितळली नाहीत तर जोड कसला? नुसती ठिगळपट्टी. ऊठ, करंट वाढव. आणि काय दिसतंय ते नंतर, आधी कानाने ऐक. तापलेल्या तेलात पाण्याचा शिपका पडल्यासारखा एकसारखा तडतड आवाज आला पाहिजे."

तेव्हापासून रोज दुपारी शाळा भरू लागली. सून दुकानात, सासरे खिडकीत, मध्ये भिंत. त्या लखलखाटाकडे उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नाही, म्हणून ते तोंड फिरवून नुसते ऐकत. "लांब गेलीस, जवळ ये!" "फुसफुसतंय, करंट कमी पडतोय!" "अगं पळतेस कुठे, मागे कुत्रं लागलंय का?" तीही काही कमी नव्हती. "एवढं कळतं तर या ना खाली!" "तू कठडा कर, मग येतो!" शेजारच्या काकूंना वाटले, या घरात भांडणे विकोपाला गेली.

तुकड्यांवर रोज हातोडा पडायचा, पण आता जोडाच्या शेजारून लोखंड वाकायचे, जोड हलत नसे. मग तिने खरा पाइप घेतला. आधी सगळा कठडा जागोजागी छोटे टाके घालून उभा केला, माप पाहिले, वाकडे ते सरळ केले आणि मगच पक्के वेल्डिंग करायला घेतले. हे मिस्त्रींनी शिकवले नव्हते. कच्चे टाके घातल्याशिवाय ती कधी ब्लाउजसुद्धा शिवत नाही. मिस्त्री कान देऊन ऐकत होते.

शेवटी राहिले खांबांच्या तळाचे जाड पत्रे. सगळा भार पेलायचा तो त्यांनी. नारिंगी पोराने जाड रॉड घेऊन थोडा वेळ धडपड केली, मग त्याचा धोक्याचा दिवा पेटला आणि ते तापून गप्प बसले.

"त्याचा घास नाही तो," खिडकीतून आवाज आला. "म्हाताऱ्याला उठव."

मित्रांनो, म्हातारा म्हणजे मी! सूनबाईने माझ्यावरचे डबे हटवले, प्लग काढून मगच माझ्या पोटातली धूळ फुंकली, मधल्या काळात उंदरांनी कुरतडलेली केबल बदलली, सैल झालेले पेच आवळले. आमच्यासारख्यांना आणखी काय हवे असते? कोरडी जागा, धड केबल आणि अधूनमधून कुणीतरी केलेली विचारपूस. मग तिने जाड रॉड लावला आणि मी असा गुणगुणलो की घरातला पंखा पुन्हा रेंगाळला. या वेळी शेजारच्या काकू आल्या नाहीत, त्यांना सवय झाली होती. तडतड आवाज अखंड चालू होता. खिडकीतून एकही ओरडा आला नाही.

कठडा पायऱ्यांत बोल्टने पक्का बसवला गेला. सूनबाईने प्रत्येक जोडावर हातोडा घातला. ती स्वतः लोंबकळली, नवरा लोंबकळला. तरी तिचे समाधान होईना. "आणखी एकदा ठोकते," ती म्हणाली.

"पुरे," मिस्त्री दारात उभे होते. "मी ऐकलंय सगळं."

त्यांनी कठडा धरला. उजवा पाय उतरला, डावा मागून ओढत आला. सूनबाई खाली उभी होती, हात पुढे करून, पण तिने त्यांना शिवले नाही. त्यांनी सगळा भार टाकला, कठडा मात्र तसूभरही हलला नाही. शेवटच्या पायरीवर ते थांबले, घाम पुसला आणि फरशीवर उतरले. सूनबाई ढसाढसा रडली. माझ्या पोटात वीज नव्हती, तरी काहीतरी तापले.

त्यानंतर ते रोज सकाळी उतरतात आणि दुकानाच्या दारात स्टुलावर बसतात. परवा एक गिऱ्हाईक सायकलचा मोडका स्टँड घेऊन आले. "मिस्त्री, मोकळे आहात का?"

"मी मोकळाच आहे," ते म्हणाले. "मिस्त्री आत कामात आहेत. थांबावं लागेल."

आत मास्कमागे सूनबाई होती. तिने मास्क वर केला नाही, पण बराच वेळ रॉडही पेटला नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात पडून असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला टाकून देऊ नका. त्याची धूळ झटका, त्याला काम सांगा. आणि माणूस असेल तर उचलून आणू नका. धरायला काहीतरी भक्कम द्या आणि खाली उभे राहा. तो येतो आपल्या पायांनी.