नणंदेचा अभ्यास

धान कांडता कांडता गिरजाचा हात थांबला. पडवीत तिचा नवरा शालिकराम, गावच्या शाळेतला गुरुजी, आपल्या विधवा बहिणीला शिकवत होता. चांद्याला मास्तरणी तयार करणारी शाळा निघाली होती, तिची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. त्या परीक्षेत पाठांतराने न सुटणारे तर्काचे प्रश्न असत. आजचा प्रश्न ढिवरांचा, म्हणजे मासे धरणाऱ्या कोळ्यांचा होता.

"सारे ढिवर पोहतात. मुखरू पोहतो. मंग मुखरू ढिवर आहे का?"

"आहे," गोकुळा म्हणाली.

"काऊन? थे कोनं सांगतलं?" शालिकरामने कोळशाने जमिनीवर मोठा गोल काढला, त्याच्या आत लहान. "हा पोहणाऱ्यांचा, हा ढिवरांचा. मुखरू मोठ्या गोलात कुठीबी असन. वाक्य उलटवू नोको. लिवलं तेवढंच धर, आपल्या मनाचं घालू नोको."

गिरजाला हे आधीच सुचलं होतं. तिने मुसळ जोरात आपटलं.

चौथीत ती पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात बापाने तिला उजवून टाकलं. गुरुजी नवरा मिळाला म्हणून ती मनातून हरखली होती. पण संसाराला इतकी वर्षं झाली, त्याने तिच्या हाती पाटी म्हणून दिली नाही. गोकुळाचा नवरा तापाने गेला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. सकाळी तिचं तोंड दिसलं तर लोक वाट बदलत. गिरजाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि तरी तिला त्या पांढऱ्या कपाळाचा हेवा वाटे. हे कुणाला सांगायचं?

त्या दिवशी जेवण वाढताना ती धीर करून म्हणाली, "मले बी इचारा ना एखादा सवाल."

शालिकराम हसला. "तुले कायले पायजे? भाजीत मीठ टाकाले तर्क लागत नाई."

गोकुळाही हसली. ते हसू गिरजाच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर धुणं धुताना ती बायांना म्हणाली, "गोकुळाचं शिकनं तं नावाले हो. चांद्याले जाऊन दुसरा घरोबा करन थे."

सांज व्हायच्या आत उमाजीकाका दारात उभे. ते शालिकरामचे चुलते आणि जातीचे पंच; गिरजा या चुलत सासऱ्यांना मामाजी म्हणे.

"तुह्या बायकोनंच सांगतलं, शालिक. चांगली विधवा घराबाहेर पाय टाकत नाई. पोरगी चांद्याले गेली तं तुमचं घर वाळीत."

शालिकराम खाली मान घालून राहिला. गोकुळाने मुकाट्याने पाटी पुसली. तिने वहिनीकडे डोळा वर करून पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर गिरजाला बरं वाटलं असतं.

डोक्यावरचा पदर सावरत ती पुढे झाली.

"मामाजी, थे मी बोलली. खोटं बोलली. जलून बोलली." "अन् घराबाहेर जाते थे वाईट, हे कोनं सांगतलं? तुमच्या घरच्या मामीजी दरसाल मार्कंड्याच्या जत्रेले जातेत. थ्या बिघडल्या का?"

"तोंड चालवतं? टाकलं वाळीत!"

"टाका."

गोकुळा गेली, परीक्षेत पास झाली. घरावर बहिष्कार बसला. लग्नाचं बोलावणं नाही, मयतीला खांदा नाही. वर्षाने गोकुळा सुट्टीत आली. पायात चपला, बोलण्यात आत्मविश्वास. गिरजाने तिला कवटाळलं, पण चुलीपाशी आल्यावर तिच्या पोटात पुन्हा तीच आग पेटली. एका धिटाईने जन्माचा हेवा विझत नाही.

त्याच सुट्टीत उमाजीकाका परत आले, या वेळी गोड बोलत. गिरजाच्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी, बुधरीसाठी, त्यांनी स्थळ आणलं होतं. "घर मोठं आहे. हो म्हना, बहिष्कार उठवून टाकू."

शालिकरामचा चेहरा उजळला. गिरजाने तो पाहिला.

"नाई," ती म्हणाली. "मले चौथीतून उठवलं, मामाजी. म्हनून मी विधवेवर जलत राह्यली. नवरा मेलेल्या पोरीवर! आजबी जलून राह्यली, हे बसली आहे थे समोर. माह्या पोरीवर थे पाळी मी येऊ देनार नाई."

गोकुळाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. उमाजीकाकांनी पुतण्याकडे पाहिलं, पुरुषाने पुरुषाकडे पाहावं तसं.

शालिकरामने उठून काकांची काठी त्यांच्या हातात दिली.

"तिनं सांगतलं ना, काका."