दहा वजा

माझ्या टेपचं टोक तुटून आठ वर्षं झाली. नवा घ्या म्हणणारे ढीगभर, पण हात बसलेला टेप मी का टाकू? टोकाऐवजी दहा सेंटिमीटरच्या खुणेवर अंगठा धरायचा, माप घ्यायचं आणि त्यातून दहा वजा करायचे. त्यात काय मोठं? अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची मापं घेण्यात माझा जन्म गेला, एकही खिडकी परत आली नाही. हे मी जरा जास्तच वेळा सांगतो असं बायको म्हणते. म्हणू दे.

यंदा माझी धाकटी लेक कारखान्यात कामाला आली. शिकलेली पोरगी, कुठल्याही ऑफिसात खुर्चीवर बसली असती, पण तिला हेच काम हवं होतं. मला ते पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी सुनावलं, "एक माप चुकलं की गाशा गुंडाळायचा. या भिंतीची खिडकी त्या भिंतीत बसत नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचं हे 'बरं' मला जन्मात कळलेलं नाही.

पहिलं मोठं काम आलं ते शाळेच्या नव्या इमारतीचं. दोन मजले, चाळीस खिडक्या. ठरलं असं, की टेपवर दिसेल तो आकडा मी सांगायचा आणि दहा वजा करून तिने वहीत लिहायचं. वरचा मजला झटपट झाला. खाली मुख्याध्यापिकाबाई आल्या. वर्गात वारा कसा यायला हवा, फळ्यावर ऊन कसं पडायला नको, बाईंचं सुरू झालं. मला काय, बोलायला माणूस हवंच असतं. बोलता बोलता मापं सांगत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री यादी घेऊन कटिंग मशीनपाशी उभा राहिला आणि तसाच माझ्याकडे आला.

"भाऊ, वरच्या खिडक्या एकशेवीस रुंद आणि खालच्या एकशेदहा? इमारत वर जाता जाता फुगली की काय?"

धाकटीने वही उघडली, पाहिली आणि मिटली. "माझी चूक आहे. खाली दहा दोनदा वजा झालेत. कापू नका."

मग काय, मी तोंडसुख घेतलं. एवढी शिकून साधी वजाबाकी येत नाही म्हणालो. नियम म्हणजे नियम, असंही म्हणालो. ती "बरं" म्हणून टेबल आवरायला गेली.

मी तणतणत शाळेवर गेलो. खालच्या पहिल्याच खिडकीच्या जागी अंगठा दहावर धरला. टेपवर एकशेतीस दिसत होते आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "एकशेवीस."

ऐकायला कोणी नव्हतं. मी तिथेच विटांवर बसलो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. बाईंशी बोलण्याच्या नादात मी मनातच दहा वजा करत होतो आणि पोरगी ठरल्याप्रमाणे पुन्हा दहा वजा करत होती. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं असतं? हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

परत आलो तेव्हा तिची पिशवी भरलेली होती. मी वही ओढून घेतली. प्रत्येक मापाशेजारी तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात मी सांगितलेला आकडाही लिहिला होता. वर सगळीकडे एकशेतीस, खाली सगळीकडे एकशेवीस.

"तुला सकाळीच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पिशवीचा बंद ओढला. "मला घरी पाठवलंत तर मी दुसरं काहीतरी करेन, बाबा. तुम्हाला घरी बसवलं तर तुम्ही काय करणार?"

मी मिस्त्रीला हाक मारली आणि त्याच्यासमोर सांगितलं, चूक माझी होती, खालची सगळी मापं पुन्हा घ्यायची. मग तिला म्हणालो, "पिशवी ठेव. आजपासून माप तू घे, मी लिहितो."

मी माझा टेप तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. पिशवीत हात घालून एक कोरा टेप काढला, टोक शाबूत असलेला. कामावर आली त्याच दिवशी विकत घेतला होता म्हणे.

"चला," ती म्हणाली.