बोलू नका

धाकटीच्या कंपनीत रक्तदाब मोजायचं बोलणारं मशीन बनतं, ज्यांना आकडे दिसत नाहीत त्यांच्यासाठी. त्यातला आवाज तिच्या ताईचा. कंपनी नवी होती, खिसा रिकामा होता, तेव्हा ताईने स्टोअरच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून चादर घेऊन, चार वाक्यं बोलून दिली होती. पट्टा बांधा, हात टेबलावर ठेवा, शांत बसा, बोलू नका. शेवटच्या वाक्याला तिलाच हसू आवरेना. ही बाई झोपेतसुद्धा बोलायची.

पुढे घशाच्या ऑपरेशनात ताईचा आवाज गेला. जीव वाचला हे खरं, आणि सगळे तसं म्हणतातच. आता ती पाटीवर लिहिते आणि हाक मारायची तर चमच्याने वाटी वाजवते. घरात तिच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. दिवसभर चालू असलेल्या नळाचं पाणी कोण भरून ठेवतंय? उरला तो मशीनमधला आवाज, आणि तो धाकटीला ‘तुम्ही’ म्हणतो! जन्मात जिने ‘अगं ए’च्या वर मान दिला नाही, ती! तरी धाकटी ऑफिसात रोज एकदा पट्टा बांधून बसायची. तिचा रक्तदाब उत्तम होता.

तिचं काम कागदांचं. एका बाजूला नियमाचं कलम, दुसऱ्या बाजूला ते पाळल्याचा पुरावा, आणि मधला दोरा कुठेही तुटता कामा नये. नियम बदलले की पुन्हा ओवणं आलं. यंदा नवी आवृत्ती आली. जुनं कलम विचारायचं, सूचना ऐकू येते का? नवं विचारत होतं, ती ऐकून माणूस तसं वागतो का?

धाकटीने जुन्याच चाचणीपुढे नव्या कलमाचा क्रमांक टाकला आणि चहाला गेली.

समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे भिंग म्हणत. त्याच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही. ती परतली तेव्हा तो तिच्या स्क्रीनपुढे उभा होता.

“पाटी बदललीस, दुकान तेच?”

“आवाज तोच आहे ना? त्यात काय नव्याने तपासायचं?”

“माझी आई हेच मशीन वापरते, बाई.”

“आणि नापास झाला तर?”

भिंगाने चष्मा काढून पुसला. आवाज कुणाचा, हे त्यालाही ठाऊक होतं. “तर नापास,” तो हळूच म्हणाला.

तिने क्रमांक पुसला.

चाचणीला बोलावलेल्या पहिल्या आजींना पट्टा बांधला. मशीन म्हणालं, “शांत बसा. बोलू नका.”

“नाही हो, मी कशाला बोलू? तुम्ही करा तुमचं सावकाश,” आजी म्हणाल्या. आकडा चढला.

दुसऱ्या म्हणाल्या, “एवढं गुडघ्याचं सांगते, मग गप्प.” एका आजोबांनी तर मशीनला चहा झाला का विचारलं. मग संगणकाने बनवलेला सपाट आवाज लावून पाहिला. सगळे परीक्षेला बसल्यासारखे चिडीचूप. आकडे बिनचूक.

काचेमागे धाकटी हसत होती. हसता हसता रुमाल शोधायला लागली. मग खुर्चीत बसून तिने स्वतःच्या हाताने निकाल लिहिला: ‘ऐकणारे या आवाजाला उत्तर देतात, त्यामुळे मोजमाप चुकतं. आवाज बदलावा.’ नव्या कलमाला दोरा बांधला. पक्का.

संध्याकाळी ती जुनं मशीन मागून घरी घेऊन आली आणि ताईला सगळं सांगितलं, गुडघ्यासकट. ताईचे खांदे गदगदले. आवाज नसलेलं ते हसू बघायची धाकटीला अजून सवय झाली नव्हती. ताईने पाटी ओढली. ‘खरंच बोलल्या माझ्याशी?’

“सगळ्याजणी. आणि आजोबासुद्धा.”

ताईने पाटी बाजूला ठेवली. मग तिने स्वतःच धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला, लहानपणी रिबीन बांधायची तसा करकचून, आणि बटण दाबलं.

“शांत बसा,” ताईचा आवाज म्हणाला. “बोलू नका.”

“बरं गं,” धाकटी म्हणाली. “अजून काहीतरी सांग की.”

पट्टा फुगला, सुटला. आकडा चांगलाच चढलेला आला. ताईने तो वाचला, पाटी पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नापास.’

मग पुन्हा बटण दाबलं.