हौसाक्काचे मणी

बारा तासांची पाळी संपवून बेबी सकाळी घरी आली, तर ड्राइव्हवेवर घोटाभर बर्फ तसाच. घरात दोन धडधाकट माणसं, पण शोव्हल करायचं ते बेबीनंच. तिनं फावडं उचललं आणि परत भिंतीला टेकवलं. मरू दे. कॅनडातल्या किचनरच्या वृद्धाश्रमात रात्रभर म्हाताऱ्यांना कुशीवर वळवून पाठीचा पार भुगा झाला होता.

आत प्रीती तयार होऊन उभी. लेक वॉटर्लू विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, आज तिचं प्रेझेंटेशन. विषय काय, तर प्राचीन ग्रीसमधल्या देवळातल्या वेश्या. ते ऐकल्यापासून तिचे वडील ज्ञानदेव लेकीसमोर पेपरातून तोंड वर काढत नव्हते.

"आई, ऐक ना. फक्त शेवट."

बेबी बुटांसकट पायरीवर बसली.

कॉरिंथ नावाच्या गावात अफ्रोडायटी देवीच्या देवळात हजार बायका होत्या, असं एकानं लिहून ठेवलं. तेही ते गाव उद्ध्वस्त झाल्यावर शे-दीडशे वर्षांनी, ऐकीव. आता काही विद्वान म्हणतात, असं काही नव्हतंच. "देन आय कंपेअर इट विथ इंडिया," प्रीती म्हणाली. "आपल्याकडे पूर्वी देवदासी होत्या ना? दे वेअर रिस्पेक्टेड. कलावंत होत्या. आणि हे बघ, बेसमेंटमधल्या ट्रंकेत सापडलं. एथनिक वाटतं ना?"

तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ होती. बेबी उठून उभी राहिली.

हौसाक्का, बेबीची थोरली बहीण. नऊ वर्षांची असताना केसांत जट आली. गाव म्हणालं, यल्लम्माचं बोलावणं. हेच मणी बांधून पोरीला देवीला सोडली. मान कसला आणि कला कसली. वयात आल्यावर ज्याला वाटेल त्यानं तिचं दार वाजवायचं. त्याच दाराआड राहून तिनं बेबीला मिरजेला नर्सिंग शिकवलं. बेबी कॅनडाला निघाली तेव्हा अक्कानं माळ काढून हातात दिली. "लांब समुद्रात टाक. आपल्या घरात परत कुणाच्या गळ्यात नको." अक्का पुढच्याच वर्षी गेली. बेबीला माळ टाकवली नाही. अक्काचं दुसरं काय होतं तिच्याजवळ?

ज्ञानदेवांनी बजावून ठेवलं होतं, पोरांना कळता कामा नये. इथल्या मराठी असोसिएशनमध्ये बभ्रा झाला तर मुलाचं, कपिलचं, लग्न अडेल. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. बावीस वर्षं बेबीनं तोंड शिवून ठेवलं. त्यालाही ताकद लागते. आज तेवढीही उरली नव्हती.

"काढ ते."

"व्हाय? इट्स जस्ट..."

"काढ म्हणते ना."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं, उद्याची भाजी सांगावी तशा आवाजात. ज्ञानदेव दारात आले. "बेबी," एवढंच म्हणाले. ती थांबली नाही. मग ते कोट चढवून बाहेर गेले, आणि थोड्या वेळानं फावडं खरवडल्याचा आवाज येऊ लागला.

प्रीतीनं माळ आईच्या ओंजळीत ठेवली. मग तिनं आपले कागद पहिल्यापासून चाळले.

"यात एकाही बाईचं नाव नाहीये, आई," ती म्हणाली. "मावशीचं लिहू?"

बेबीनं मूठ मिटली. खिडकीतून ज्ञानदेवांची वाकलेली पाठ दिसत होती. कपिलचं लग्न, असोसिएशन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. कंटाळा आला होता तिला त्या सगळ्याचा.

"लिही. हौसा लक्ष्मण ऐवळे," ती म्हणाली. "आणि खाली तुझ्याकडून लिही, हे ऐकीव नाही. माझ्या आईनं तिच्या हातचं खाल्लंय."