आवाज बाईंचा, किल्ली कंपनीची

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. तळहाताएवढा, कोपऱ्यात तडा गेलेला. पण माझ्या पोटात एका बाईंचा आवाज आहे.

या बाई शिवणकाम शिकवत. घशाच्या ऑपरेशनआधी त्यांनी आपला आवाज माझ्यात भरून ठेवला. ऑपरेशननंतर त्या बोटांनी अक्षरं दाबत आणि मी त्यांच्याच आवाजात बोलत असे. "अगं, टाका घालतेस की दोर वळतेस?" असं मी ओरडलो की मुली दचकून शिवण उसवायला घेत. डबा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग माझी बॅटरी थकली. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने नवी बसवली. बॅटरी चांगली होती, फक्त कंपनीची नव्हती. माझ्यातल्या सॉफ्टवेअरने लगेच माझ्या तोंडाला कुलूप लावलं. कंपनीने कळवलं, "नियमच आहे. नवा डबा घ्या. जुना आवाज मात्र देता येणार नाही." बाईंचा आवाज दुसऱ्यांदा गेला. आत सगळं शाबूत असून मला हूं की चूं करता येईना. फार जिवाला लागलं ते.

पुढे कंपन्यांना असे नियम सैल करायला लावावेत का, यावर सरकारी कचेरीत सुनावणी झाली. बाई मला घेऊन गेल्या, सोबत त्यांची थोरली बहीण. कंपनीचा माणूस काही वाईट नव्हता. तो म्हणाला, "कुलूप काढलं, तर उद्या एखादा चोर मॅडमचा आवाज उचलेल. त्याच आवाजात तुम्हाला फोन करून फसवेल. मग?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

बाईंनी पर्समधून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. आधी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

बहीण म्हणाली, "साहेब, ती म्हणतेय, कुलूप राहू द्या की! पण घर तिचं आणि किल्ली तुमच्या खिशात, ही कुठली रीत?"

नियम बदलायला वेळ लागला, पण बदलला. आता माझं कुलूप उघडायचा आकडा फक्त बाईंना ठाऊक आहे. मित्रांनो, कुलपं जरूर लावा, मात्र किल्ली कुणाकडे राहणार तेवढं आधी विचारत जा.

कुलूप उघडलं तेव्हा बहीण शेजारीच डोळे पुसत होती. बाईंनी सावकाश अक्षरं दाबली आणि मी बोललो, "ताई, कचेरीत छान बोललीस. आता माझं मला बोलू दे."