हळू आवाजाची पेटी

भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य काढलेला माणूस ओळखायला त्याचं कार्ड बघावं लागत नाही. तो रस्त्याच्या पलीकडे शेजाऱ्याच्या कानात गुपित सांगत असला, तरी अलीकडे आपल्याला सगळं ऐकू येतं. सोमा त्यातलाच. उमेदीची सगळी वर्षं लूमवर गेली. लूम सुटली तेव्हा जाताना त्याचे कान घेऊन गेली.

बरं, कान पार गेले असते तरी एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच होती. हळू बोललेलं त्याला ऐकूच येत नसे आणि मोठ्याने बोललेलं खिळ्यासारखं कानात घुसे. मधलं काही उरलंच नव्हतं. शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन त्याने लावून पाहिलं. पण बायकोच्या, मंदाच्या, हातून ताटली पडली, की हा उडालाच म्हणून समजा. शेवटी मशीन डब्यात गेलं आणि मंदा ओरडून बोलायला लागली.

आता तुम्हीच सांगा, ओरडून काय काय बोलता येतं? भात झालाय. गॅस संपलाय. गोळी घ्या. चाळीत भिंतीला भिंत लागलेली, एका घरात ओरडलेलं चार घरांत जातं. त्यामुळे जे ओरडण्यासारखं नव्हतं, ते मंदानं बोलायचंच सोडून दिलं. एवढ्या वर्षांत सोमाला तिचा खरा आवाज आठवेनासा झाला होता. माणूस समोर आणि आवाज हरवलेला, याचं दुःख त्याला होतं. पण तेही सांगायचं कुणाला, आणि केवढ्याने?

तरी वस्तीतल्या बुद्धविहारातला माईक त्याच्याच हवाली होता, कारण वायरी, फ्यूज, सोल्डर यांत त्याचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं, रोज एका घरानं वाचायचं. कमळबाई वाचायला बसल्या की पत्रे हादरायचे. भावेश वाचायला बसला की नुसते ओठ हलायचे. सोमाकडे दोघांनाही एकच औषध, बटण पिरगाळायचं ते आपल्या कानाला बरं वाटेपर्यंत. मग स्पीकर शिट्टी मारायचा, पोरं कानांत बोटं घालायची आणि विहाराचे अध्यक्ष चांगदेवदादा हात जोडून म्हणायचे, "सोमा, मार डालेगा क्या?"

यंदा मंदा पहिल्यांदा वाचणार होती. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई, लेकीची जुनी पुस्तकं घेऊन उतारवयात वाचायला शिकली होती. रोज दुपारी ती ग्रंथ मांडीवर घेऊन सराव करायची. सोमाला दिसायचे नुसते तिचे ओठ आणि ओळीवरून सरकणारं बोट.

"काय वाचतीस?" तो विचारायचा.

"त्याच दिवशी ऐका!" ती ओरडायची आणि लगेच जीभ चावायची. कशाचं ऐकणार, बिचारा!

सोमानं आपल्या लेकीला, सोनलला, गाठलं. ती ठाण्याला डबिंगच्या स्टुडिओत कामाला होती. "सोने," तो म्हणाला, "तुझ्या आईचं वाचन मला ऐकव. याच्याउप्पर जन्मात काय मागणार न्हाय."

मंदाच्या वाचनाच्या दिवशी सोनल दुपारीच विहारात आली, ती एक चपटी काळी पेटी घेऊन. स्टुडिओत अडगळीत पडली होती, मालकाला विचारून तिनं उचलली होती.

"कंप्रेसर हाय, पप्पा," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"पंक्चरवाल्याकडं असतो तो?"

"हवेचा न्हाय हो! आवाजाचा. मोठा आवाज आला की ही त्याला दाबती. मग सगळंच वर उचललं की हळू बोललेलंही वर येतं, आणि मोठं कान फोडत न्हाय."

सोमा पेटीकडे बघत राहिला. "म्हंजे लूमवरच्या ताण्यासारखं. ताण वाढला की सोडायचं, सैल पडला की ओढायचं. धागा तुटता कामा नये."

"अगदी तसंच!"

माईकच्या मिक्सरमधून वायर पेटीत गेली आणि पेटीतून परत मिक्सरमध्ये आली. सोनलनं वडिलांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि सतरंजी झाडत असलेल्या भावेशला माईकसमोर बसवलं. एक बटण फिरवून मोठ्याने म्हणाली, "आवाज इथवर आला की दाबायला लाग, असं पेटीला सांगायचं." दुसरं फिरवून म्हणाली, "हे, किती दाबायचं ते. आणि हे तिसरं वर उचलायला." तिनं तिसरं बटण सावकाश उजवीकडे नेलं.

"आयला!" सोमा ओरडला. "भावेशला आवाज हाय!"

भावेश हसला, तर ते हसूही सोमाला ऐकू आलं. पान उलटल्याची सळसळ आली. भावेशनं आवंढा गिळला तोही आला. मग तिथं आलेल्या कमळबाईंनी वाचून पाहिलं आणि कानात एकही खिळा घुसला नाही. एवढं सगळं जग रोज इथंच चाललं होतं आणि आपण त्याच्या दारात बहिऱ्यासारखे उभे होतो, असं सोमाला वाटलं.

तेवढ्यात मागच्या गल्लीतली शिफ्ट सुरू झाली आणि हेडफोनमध्ये लूम आली. खटाखट, खटाखट. सोमाचं डोकंच फिरलं. "मेली इथं पण आली!"

"खिडकीतून येणारच थोडी," पेटीवरचं चौथं बटण दाखवत सोनल माईकमध्ये म्हणाली. "हे गेट हाय. बारीक आवाज आला की दार लावून घेतं. पण त्याला जास्त छेडू नका हां." आणि ती आईला आणायला घरी गेली.

छेडू नका म्हणे! कान खाल्लेला वैरी हातात सापडलाय आणि सोडून द्यायचा? सोमानं गेट पिरगाळलं, अजून पिरगाळलं, लूमचा शेवटचा खट बंद होईपर्यंत पिरगाळलं. मग माईकसमोर जाऊन आपल्या ठेवणीतल्या आवाजात गर्जला, "हॅलो! हॅलो!" ठणठणीत आलं. स्वारी खूश.

संध्याकाळी विहार भरला. त्रिसरण-पंचशील झालं. पांढऱ्या साडीतली मंदा ग्रंथापुढे बसली, तिनं चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली.

सोमाला काहीच ऐकू आलं नाही.

ओठ हलत होते, बोट ओळीवरून सरकत होतं आणि हेडफोनमध्ये नुसती पोकळी. गेले, उरलेसुरलेही कान गेले, तेही आजच! मग त्यानं समोर पाहिलं, तर पुढच्या बायाही कानामागे हात धरून वाकल्या होत्या. चांगदेवदादा खुणा करत होते. कुणालाच ऐकू येत नव्हतं! सोमानं सवयीनं आवाजाचं बटण पिरगाळलं. शून्याला कितीही वाढवा, शून्यच. मंदानं घाबरून मान वर केली, तिच्या कपाळावर घाम आला होता. एवढं शिकून बाई आता उठून जाते की काय, असं झालं.

आणि सोमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे गाढवा, लूमला कोंडायला दार लावलंस, त्यात बायकोला कोंडलंस. खिडकीतून येणारी लूम आणि मंदाचा आवाज, दोघांची उंची एकच! एक हवी तर दुसरी सोसावी लागणार. त्यानं गेट मागे फिरवलं. खटाखट, खटाखट, लूम आत आली. येऊ दे मेलीला, तो म्हणाला, आणि आणखी फिरवलं.

लूमच्या मागून मंदा आली.

त्यानं डोळेच मिटले. त्याला वाटलं होतं, लग्नातल्या पोरीचा कोवळा आवाज येईल. तो आला नाही. हा पिकलेला, थोडा घोगरा, जोडाक्षरापाशी जपून पाय टाकणारा आवाज होता. ओळ संपली की ती बारीकसा श्वास घेत होती, आणि तो श्वाससुद्धा त्याच्या कानाशी येत होता. एक बाई त्याच्या घरात एकटीच म्हातारी झाली होती आणि तिचा आवाज कसा पिकत गेला ते त्याला कळलंच नव्हतं. सोमाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही. हात बटणावरून काढायची भीती वाटत होती.

वाचन संपलं. "साधू, साधू, साधू!" सगळा विहार म्हणाला. लोक उठले, बायांनी मंदाच्या पाठीवर हात फिरवला आणि हळूहळू सगळे पांगले. सोनलनं मोठे स्पीकर बंद केले. सोमा मात्र हेडफोन लावून तसाच बसला होता. सोनलनं त्याच्याकडे बघितलं, आईला खुणेनं माईक दाखवला आणि चपला घालून बाहेर गेली.

मंदा पुन्हा माईकसमोर बसली. मग ती हळूच म्हणाली, "ऐकू येतंय?"

सोमानं होकारार्थी मान हलवली.

"अवो, एक बोलू? तुमचा पण आवाज हरवलाय. लूमवर जायच्या आधी तुम्ही माझ्याशी किती हळू बोलायचा. नंतर नुसतं ओरडणं. मला वाटायचं, रागावलाय का काय माझ्यावर."

हरवलेलं ते फक्त आपलंच, असं सोमा धरून चालला होता. तो उठला, हेडफोनची वायर जपत तिच्या शेजारी येऊन बसला आणि माईक त्यानं आपल्याकडे वळवला.

"मंदा!" तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. केवढ्याने हाक मारतो आपण! त्यानं पुन्हा म्हटलं, थोडं खाली. मग आणखी खाली. आपला आवाज आपल्याच कानात ऐकत, एकेक पायरी उतरत तो खाली आला.

"मंदा," तो म्हणाला, "मी रागावलेलो न्हाय गं. कधीच नव्हतो."

ते दाराबाहेर उभ्या असलेल्या सोनललाही ऐकू गेलं नाही.