तळाचं अत्तर

अत्तर म्हणलं की लोकाला लग्न आठवतं. मला विहीर आठवते. हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या. मी काही येडी न्हाई. लातूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर हाय, सुई टोचताना माझा हात कधी थरथरला न्हाई. रडत बसणाऱ्या बायांचा मला राग येतो. तरी हे सांगताना आवाज फुटला तर तिकडं लक्ष देऊ नका.

माझं नाव चांगुणा. चाकूरकडच्या खेड्यातली मी. माझे वडील नरसिंग, मी त्यांना दादा म्हणायची. त्यांनी शिवमूर्ती आप्पाच्या मळ्यात वीस वर्षं मोट हाकली. आताच्या पोरांना मोट म्हणजे काय तेही सांगावं लागतं. कातड्याची ही एवढी मोठी पिशवी. ती विहिरीत सोडायची, दोन बैलं धावेच्या उतारावरून पुढं गेली की भरून वर यायची, भडाभडा पाणी पाटात पडायचं. बैलं मागं सरली की मोट परत खाली. दिवसभर तेच, पुढं अन् मागं. मोट हाकणारा माणूस दिवसात किती कोस चालायचा त्याचा हिशेब कुणी ठेवला न्हाई.

त्या मोटेचा वास माझ्या डोक्यात बसलाय. चपलाच्या दुकानात येतो तसला कडक वास न्हाई तो. दादा मोटेला करंजीचं तेल चोळायचे, आतल्या अंगाला जास्त, जिथं कातडं लवदार असतं, हात फिरवला की मऊ लागतं. दुपारी बैलं सावलीला बांधली की मोट धावेच्या कडेला वाळत पडायची अन् मी तिच्यावर गाल टेकून झोपायची. तेलाचा, ओलीचा, उन्हाचा मिळून एक वास. वासराच्या कानामागं नाक घातलं की येतो ना, तसा. माझी माय मी रांगत असतानाच गेली. कुशीचा वास काय असतो ते मला कुणी विचारलं तर मी हाच सांगीन.

दादांचा एक नेम होता. मोट सुटल्याबिगर पाण्याला तोंड लावायचं न्हाई. आधी पिकाला, मग बैलाला, मग माणसाला. मोटकरी मधीच प्याला तर विहीर रुसते म्हणायचे. दिवस कलला की आप्पा बांधावरून हाळी द्यायचे, “नरसिंगा, मोट सुटली रे!” मग दादा बैलं सोडायचे, मगच पाटाला ओंजळ लावायचे. छप्पनला आमचं घर बौद्ध झालं. देव गेले, अंगारे-धुपारे गेले, पण हा एक नेम काही जाईना.

बाहत्तरच्या दुष्काळात दादांना ताप भरला होता. अंगात ताप, वर ऊन, तळाला गेलेलं पाणी ओढायचं. भर दुपारी मोट चालू असताना दादा एक तांब्या पाणी प्याले. आठ दिवसांत विहिरीचा झरा बंद झाला. आता तुम्हीच सांगा, त्या साली कुणाच्या विहिरीला पाणी राहिलं होतं? गावंच्या गावं खडी फोडायला गेली. मी नांदेडला नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते, सुट्टीला आले तर दादा कोरड्या विहिरीच्या काठावर बसून म्हणून राहिले, “माझ्यापायी आटली गं चांगुणा. एक तांब्या धीर निघला न्हाई मला.” मी लई चिडले, लई बोलले. भिंतीला बोलल्यावाणी झालं.

पुढं पाऊस झाला, विहीर भरली, पण तवर आप्पांनी मोटार बसवली. मोट कापून तिच्या चपला केल्या अन् एक जोड दादांना दिला. दादांनी तो कधी पायात घातला न्हाई. खुंटीला टांगून ठेवला, अन् तिथंच त्यांचं बोलणं कमी झालं.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. नवी हापिसं, नव्या पाट्या, साहेब लोकांच्या जीपा. मला दवाखान्यात कायमची जागा मिळाली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. नवऱ्यानं तवर दुसरी केली होती, त्याचं नाव घेऊन तोंड विटाळत न्हाई. दादा थकले, माणसं ओळखीनात, तवा पंचाऐंशीच्या उन्हाळ्यात मी त्यांना इकडं आणलं. अन् नेमकं त्याच उन्हाळ्यात पाण्याची बोंब. नळाला चार दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. दादांनी कॉलनीतली घागरींची रांग पाह्यली अन् मला विचारलं, “इथली बी आटली का?” मी म्हणलं, आटली. झालं! जीभ झडायला पाहिजे होती माझी. त्या दिवसापासून त्यांनी पाणी सोडलं.

तांब्या पुढं केला की तोंड फिरवायचे. “मी प्यालो की आटतं. लोकाला राहू दे.” भाकरी एखाद दिवस न्हाई खाल्ली तर चालतं, पण पाणी? ओठ फुटले, जिभेला कोरड, लघवी बंद व्हायला आली. दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं तर सुई उपटून टाकली. डॉक्टर म्हणाले, हात बांधू. रोज दुसऱ्याच्या बापाचे हात बांधणारी मी, माझ्या बापाचे बांधायला गेले अन् गाठच मारता येईना. घरी घेऊन आले.

तवा मला ट्रंकेतली शिशी आठवली.

ट्रेनिंगला असताना मी पहिल्यांदा मुडदा पाह्यला, त्या दिवशी उलट्या करत रस्त्यानं चालले होते. एका अत्तराच्या टपरीपाशी आले अन् पाय थांबले. मोटेचा वास! नांदेडच्या भर बाजारात! मी म्हाताऱ्या चाचाला म्हणलं, हे काय हाय? तो हसला. चंदनाचं अत्तर कातड्याच्या कुपीत मुरवतात म्हणे, वरचं वरचं विकून झालं की तळाशी जे राहतं त्याला चंदनापेक्षा कातड्याचाच वास जास्त. “ये तो तलछट है बेटी, इसे कौन लेता?” मी म्हणलं, मी घेते. तवापासून ती शिशी माझ्याजवळ. कुणाचं लेकरू हातात गेलं, कुणी साहेब अंगावर ओरडला, की गळ्याशी एक बोट लावायचं. लागलीच कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यावाणी वाटायचं. बाईमाणसाला एवढंही सुख नको का?

तेच बोट मी दादांच्या मिशीला लावलं. मग नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले, अन् किती तरी दिवसांनी मला नावानं हाक मारली. “चांगुणा, मोट भिजली का गं?”

“भिजली की दादा.”

“पाणी लागलं विहिरीला?”

“काठोकाठ.” मी उठले, दार लावून घेतलं, अन् आप्पा द्यायचे तशी हाळी दिली, पण हळू. “नरसिंगा, मोट सुटली रे!” दादांनी खांद्यावरचा आसूड उतरवल्यासारखा हात झटकला, ओंजळ पुढं धरली. दोन तांबे प्याले. मी ओतत होते अन् रडत होते.

तीन आठवडे असं चाललं. सकाळी बोटभर अत्तर, दिवसातून चार वेळा हाळी. वास आल्याबिगर विहिरीला पाणी लागलंय हे त्यांना पटायचं न्हाई, अन् मोट सुटल्याबिगर ओंजळ पुढं यायची न्हाई. दोन्ही पाहिजेच. दादांच्या अंगावर तुकतुकी आली. ते गाणं गुणगुणायला लागले. मी बापाला फसवून राहिले, पण बाप जगून राहिला, म्हणलं बास.

शेजारी उमादेवी वहिनी. कलेक्टर हापिसातल्या मोठ्या क्लार्कची बायको, स्वभावानं लोण्यासारखी. पण माहेर चाकूरकडचं, अन् शिवमूर्ती आप्पा त्यांचे लांबचे मामा. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून बसले होते की आमचे दादा बागायतदार, मोठा मळा होता. का सांगितलं? नवा जिल्हा, नवं क्वार्टर, मलाही वाटलं आपण नवं व्हावं. एकदा त्या म्हणाल्या, “सिस्टर, किती मऊ वास येतो हो तुमच्या घरात! कुठलं सेंट?” मी म्हणलं, “दुबईचं.” एका खोट्याला दुसरं खोटं लागतंच.

मे महिन्यात शिशीत दोन दिवसांचंच अत्तर राहिलं. नांदेडला जायला पाहिजे होतं. सकाळच्या एस.टी.नं जाऊन रातच्याला परत यायचं ठरवलं. वहिनींना बोलावलं. “वहिनी, दादांच्या मिशीला हे लावलंय. शिशी इथं ठेवते, वास कमी झाला की परत लावा. तासातासाला पाणी द्या.”

“एवढंच ना? जा तुम्ही निवांत.”

एवढंच नव्हतं. मी उंबऱ्यात उभी होते. जिभेवर आलं होतं, की वहिनी, पाणी देताना म्हणायचं, नरसिंगा मोट सुटली रे. पण तसं म्हणलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कसली मोट? कोण नरसिंगा? आमच्या मामाच्या मळ्यात एक नरसिंगा होता, तोच का? मला लाज वाटली. माझ्या बापाच्या घामाची मला लाज वाटली. म्हणलं, एका दिवसाचा तर सवाल हाय. मी पिशवी उचलली अन् गेले.

नांदेडला चाचाची टपरी बंद. बाजूचा म्हणाला, कंधारला लेकीकडं गेलाय, उद्या सकाळी येतो. मी जुन्या मैत्रिणीकडं थांबले. फोन करायला वहिनींकडं फोन कुठला? दुसऱ्या दिवशी चाचा आला तो थेट दुपारी. मला बघून मान हलवली. कुपी उन्हानं तडकली होती, तळाचं होतं नव्हतं ते सगळं झिरपून गेलेलं. “अब सब शीशे की बोतल में आता बेटी. चमड़े का जमाना गया.” मी त्याच्याशी भांडले, अक्षरशः भांडले. तो बिचारा आत गेला अन् ती रिकामी कुपीच माझ्या हातात ठेवली. मी नाकाला लावली. वास होता. कातडं मऊ होतं अजून. म्हणलं, ही उशाशी ठेवली तरी दादांचे सहा महिने निघतील. एस.टी.त सारी वाट मी ती पदराखाली धरून बसले.

दिवस मावळताना पोचले तर दारात बाया. वहिनी धावत आल्या, माझ्या गळ्यात पडल्या.

“सिस्टर, अहो काल इतके खुश होते हो! तुम्ही म्हणला तसं सेंट लावत राहिले मी. अंगणात पुढं जायचे, उलट्या पावलानं मागं यायचे. गाणं म्हणत होते. मी म्हणलं, म्हाताऱ्याला फिरायला आवडतंय. ऊन झालं, आत या म्हणलं तर ऐकेनात. आज सकाळी पण तेच. दुपारी चक्कर येऊन पडले. डॉक्टर येईपर्यंत...”

“पाणी?” मी विचारलं. “पाणी दिलं का?”

“तासातासाला दिलं, शपथ! तांब्या हातात घ्यायचे, म्हणायचे, ‘सुटली न्हाई अजून.’ काय सुटायचं, मला काय माहीत? पण नंतर बघावं तर तांब्या रिकामा. मला वाटलं, प्याले.”

मी अंगणात गेले. भिंतीच्या कडेला माती बोटांनी उकरून वाफे पाडले होते. हातभर लांबीचे, बारके, सरळ. मधून पाट काढलेला. सगळी माती ओली होती. दोन दिवसांचं सगळं पाणी दादांनी तिथं दिलं होतं. आधी पिकाला.

घरात दादा जमिनीवर निजवलेले. ओठ पांढरे फटक. मिशीला वास येऊन राहिला होता, नको तेवढा. पाणी लागलंय एवढं त्यांना कळत होतं, अन् मोट कुणी सोडेना म्हणून माझा बाप भरल्या विहिरीच्या काठावर दोन दिवस तहानलेला चालत राहिला. हे मी केलं. दुष्काळानं न्हाई, वहिनींनी न्हाई, मी केलं. चार शब्द होते. चार शब्द बोलायची मला लाज वाटली.

बाया आंघोळीचं पाणी बघून राहिल्या, कुणी विहारात निरोप धाडला. मी माठातलं पाणी कातड्याच्या कुपीत भरलं. तडकलेल्या जागेतून ते माझ्या मनगटावरून गळायला लागलं. मी दादांचं डोकं मांडीवर घेतलं. दार सताड उघडं होतं, कॉलनी सगळी दारात होती, उमादेवी वहिनी पुढंच उभ्या होत्या.

मी छातीभर श्वास घेतला अन् बांधावरून द्यावी तशी हाळी दिली. “नरसिंगा, मोट सुटली रे!”

वहिनींनी चमकून माझ्याकडं पाह्यलं. त्यांना कळलं. आता कळून काय करायचं होतं? मी परत हाळी दिली, आणखी मोठ्यानं, अन् कुपी दादांच्या ओठाला लावली. पाणी आत गेलं न्हाई. गालावरून खाली गळत राहिलं.